पन्नाशीनंतरचा अर्ज

२०२४ च्या पावसाळ्यात वडोदऱ्यातील एक गृहस्थ आपला रेझ्युमे दाखविण्यासाठी आमच्याकडे आले. वय त्रेपन्न. ज्या कारखान्यात सव्वीस वर्षे स्टोअर सांभाळले, तो त्याच वर्षी बंद पडला होता. धाकटी कन्या इंजिनियरिंगच्या दुसऱ्या वर्षाला. साठ अर्ज झाले होते, उत्तर एकाचेही नव्हते. "वय आडवे येते, दुसरे काय!" असे ते म्हणाले.

आम्ही कागद हाती घेतला. पाच पाने होती. पहिल्या पानावर वडिलांचे नाव, जन्मस्थळ, उंची, आवडीनिवडी. दुसऱ्यावर शाळेतील वक्तृत्वाच्या बक्षिसापासूनची प्रशस्तिपत्रके. कामाची हकीकत तिसऱ्या पानावर, आणि तीही १९९८ पासून क्रमाने, त्यामुळे अलीकडे या गृहस्थांनी काय केले हे कळण्यास पाचवे पान गाठावे लागे. तिथवर कोण येतो? लग्नाचा बायोडाटा आणि नोकरीचा कागद यांची गल्लत आपल्याकडे फार जुनी आहे.

वय आडवे येते हे खोटे नाही. अमेरिकेत चाळीस व त्यापुढील वयाच्या माणसास वयावरून डावलू नये असा कायदा १९६७ साली झाला. आपल्याकडे खाजगी नोकऱ्यांसाठी तसा स्वतंत्र कायदा नाही. तेव्हा आपल्या हाती उरतो तो हा कागद.

आम्ही त्यांना विचारले, "स्टोअरमध्ये आपण नेमके काय केलेत?" ते म्हणाले, "सर्व जबाबदारी प्रामाणिकपणे पार पाडली." हेच वाक्य कागदावरही होते. प्रामाणिकपणाबद्दल आम्हांस शंका नव्हती, पण हे वाक्य कोणीही लिहितो. मग चहा झाला आणि हळूहळू एकेक गोष्ट बाहेर आली. एक्साइजची रजिस्टरे त्यांनी हाताने लिहिली होती. २००६ साली गुजरातेत व्हॅट आला, २०१७ च्या जुलैत जीएसटी, पुढील वर्षी ई-वे बिल. प्रत्येक वेळी नोंदींची घडी यांनीच बसविली. बिनकार्डे जाऊन संगणक आला तेव्हा सात हजार जिनसा यांनीच चढविल्या, आणि आठ दिवसांची वार्षिक मोजणी तीन दिवसांवर आली. हे का लिहिले नाही? "त्यात काय लिहायचे? ते अंगावर पडले म्हणून केले."

आमच्या मते प्रौढ उमेदवाराची खरी चूक ती हीच. जे कोणीही लिहील ते तो लिहितो, आणि जे त्याच्यावाचून कोणास लिहिता येणार नाही ते गाळतो. वय झालेला माणूस नवे शिकेल काय, हीच मालकाची धास्ती असते. तीन वेळा करपद्धती बदलताना पाहून जो टिकला, त्याने ते आकड्यांसह लिहिले की धास्तीचे उत्तर परस्पर मिळते.

नवा कागद दोन पानांचा झाला. वर चार ओळींत सार. मग शेवटची नोकरी आधी, या क्रमाने अलीकडच्या बारा-पंधरा वर्षांचे काम सविस्तर. त्यापूर्वीचे दोन ओळींत. मॅट्रिकचे वर्ष काढले. यावर त्यांचे मन कचरले. ही लबाडी नव्हे काय? आम्हांस तसे वाटत नाही. न विचारलेले न सांगणे निराळे आणि विचारल्यावर खोटे सांगणे निराळे. वयाचा रकाना असेल तेथे खरेच वय भरावे.

मोठ्या कंपन्यांत हल्ली अर्ज पुष्कळदा संगणकच आधी चाळतो. जाहिरातीत 'इन्व्हेंटरी' असेल आणि आपण 'स्टोअर' एवढेच लिहिले, तर तो आपणांस ओळखणार नाही. म्हणून जे काम आपण खरोखर केले आहे, त्यास जाहिरातीतलाच शब्द वापरावा. चौकटी, नक्षी, फोटो नको. ई-मेल स्वतःचा असावा. या गृहस्थांनी मुलाचा दिला होता, आणि मुलगा पुण्यास! एका कंपनीचे बोलावणे त्या पेटीत अकरा दिवस पडून होते, ते त्या संध्याकाळी सापडले. म्हणजे साठही अर्ज वाया गेले नव्हते.

नोकरीत खंड पडला असेल तर एका ओळीत कारण द्यावे. आजारपण, सासूबाईंची शुश्रूषा, कारखाना बंद. भगिनींनी तर घरी बसलेली वर्षे कोरी सोडू नयेत. एका बाईंनी सोसायटीचे हिशेब नऊ वर्षे ठेवले, ऑडिट करवून घेतले, आणि अर्जात लिहिले 'गृहिणी'. ज्यांनी साठी ओलांडली आहे त्यांच्यासाठी केंद्र सरकारने १ ऑक्टोबर २०२१ रोजी 'सेक्रेड' नावाची नोंदणी संगणकावर सुरू केली, तेथेही हाच कागद उपयोगी पडतो.

गृहस्थांना पुढे मकरपुऱ्यातील एका लहान कारखान्याने बोलावले. पगार पूर्वीपेक्षा कमी, साहेब चौतिशीचा. साहेबाने पहिला प्रश्न विचारला तो वयाचा नव्हता; मोजणी आठ दिवसांवरून तीनवर कशी आणली, ते त्यास ऐकायचे होते.