आधी आपला मीटर, मग शेजाऱ्याचे दार

संयम म्हणजे केवळ जिभेचा आणि वाणीचा संयम नव्हे. जी वस्तू आपण वापरतो, तिच्यामागे कोणाचे श्रम आहेत आणि धरणीमातेचे किती देणे आहे, याचे भान ठेवणे हाही संयमच. बटण दाबताच वीज मिळते, म्हणून तिचे मोल आपल्या ध्यानात येत नाही.

रायपूरची गुढ़ियारी ही रेल्वेमार्गापलीकडची दाट वस्ती. उन्हाळ्यात तेथे घरोघरी पंखे व कूलर रात्रंदिवस चालतात. छत्तीसगडची वीज मुख्यतः कोरब्यासारख्या ठिकाणच्या कोळशातून येते. एका युनिटसाठी अर्ध्या किलोहून अधिक कोळसा जळतो. वाया गेलेले युनिट म्हणजे व्यर्थ जळालेला कोळसा आणि गरिबाच्या खिशातून गेलेला पैसा होय.

मग वस्तीत जाऊन काय सांगावे? "दिवे बंद करा" हे सर्वांनी ऐकलेले आहे. त्याऐवजी हिशोब समजावा. 1000 वॉटचे उपकरण एक तास चालले की एक युनिट होते. 60 वॉटचा जुना बल्ब रोज 5 तास लावला तर महिन्याला 9 युनिट. तेवढाच प्रकाश देणारा 9 वॉटचा एलईडी लावला तर दीड युनिटही नाही. 75 वॉटचा पंखा रोज 12 तास चालला तर महिन्याला 27 युनिट, आणि 30 वॉटचा नवा बीएलडीसी पंखा 11 युनिटांच्या आतच राहतो. हे आकडे विजेच्या बिलाशेजारी मांडले की उपदेशाची गरज उरत नाही.

कार्याचा क्रम असा ठेवावा :

1. प्रथम स्वतःच्या घरी सात दिवस ठरलेल्या वेळी मीटरचा आकडा लिहावा. मग एकच सवय बदलून पुढील सात दिवस पुन्हा लिहावा. ऊन कमी-जास्त झाले असेल तर तेही नोंदवावे, नाहीतर हिशोब फसवा ठरेल.

2. शेजारच्या पाच घरांना आपली वही दाखवावी, त्यांची बिले सोबत वाचावीत. गुढ़ियारीत आपण घरी मराठी बोलत असलो तरी शेजारणीशी छत्तीसगढीत बोलावे. ज्या भाषेत ती घर चालवते, त्याच भाषेत बचत तिला पटेल.

3. ज्याला नवा पंखा परवडत नाही, त्याला तो घेण्याचा आग्रह करू नये. तेथे बल्बपासून आरंभ करावा. कूलर लावताना समोरची खिडकी उघडी ठेवावी, म्हणजे दमट हवा बाहेर जाऊन गारवा टिकतो. याला पैसा लागत नाही.

एक गोष्ट मात्र विसरू नये. तान्ह्या बाळाच्या किंवा वृद्धाच्या खोलीतील पंखा बंद करून केलेली बचत ही बचत नव्हे. रिकाम्या खोलीतील पंखा बंद करावा, माणसाचा नव्हे.

14 डिसेंबर हा राष्ट्रीय ऊर्जा संवर्धन दिन आहे. त्याची वाट कशाला पाहावी? आज रात्री झोपण्यापूर्वी मीटरचा पहिला आकडा वहीत लिहा. उद्या हीच वही शेजारचे दार उघडेल.