पावलं मोजण्याआधी

पक्षाघातातून सावरणाऱ्या माणसाच्या मनगटावर पावलं मोजणारं घड्याळ बांधलं की घरच्यांना हायसं वाटतं. आता चालणं वाढेल, असं सगळे गृहीत धरतात. पण 11 देशांतल्या 16 पुनर्वसन केंद्रांत झालेल्या ‘सिरॅक्ट’ चाचणीत वेगळंच दिसलं. रुग्णांच्या दोन्ही घोट्यांवर सेन्सर बांधले होते. एका गटाला फक्त चालण्याचा वेग सांगत, दुसऱ्याला दिवसभराच्या हालचालींचे आलेखही दाखवत. 2015 मध्ये निकाल आला : दोन्ही गट दिवसाला सरासरी 15 ते 17 मिनिटंच चालत होते. आलेखांनी फरक पडला नाही.

त्याआधी 2010 मध्ये प्रसिद्ध झालेली ‘सिरोज’ चाचणी मात्र यशस्वी ठरली होती. तिथे थेरपिस्ट रोज एकदा रुग्णाला 10 मीटर चालवत, वेळ मोजत आणि ती लगेच सांगून कौतुक करत. घरी जाताना या रुग्णांचा वेग सेकंदाला 0.91 मीटर होता. ज्यांना काहीच सांगितलं नव्हतं त्यांचा 0.72.

माझ्या आईच्या बाबतीत घड्याळाने आधी घातच केला. ती वॉकर धरून चालायची. हात वॉकरवर स्थिर, त्यामुळे मनगटावरच्या यंत्राला पावलं कळतच नव्हती. घामाघूम होऊन पॅसेजमध्ये फेऱ्या मारून आली, तर आकडा जेमतेम हललेला. “एवढंच झालं का रे?” म्हणून खाटेवर बसली, ती संध्याकाळी उठायलाच तयार नव्हती. फिजिओथेरपिस्ट ताईंनी दुसऱ्या दिवशी तिच्यासोबत चालत पावलं मोठ्याने मोजली आणि घोट्यावर बांधायचं यंत्र सुचवलं.

ही यंत्रं शरीराला बसणाऱ्या छोट्या हिसक्यांवरून पाऊल ओळखतात. संथ, फरफटत चालताना हिसका क्षीण असतो आणि पाऊल नोंदवलंच जात नाही. म्हणून यंत्र चांगल्या पायाच्या घोट्यावर बांधलेलं बरं. सुरुवातीला कुणीतरी सोबत चालून पन्नास पावलं तोंडी मोजावीत आणि आकडा ताडून पाहावा. तफावत मोठी असेल, तर पावलांऐवजी चालण्याची मिनिटं लिहावीत.

उद्दिष्टाचंही तसंच. दिवसाला 10,000 पावलांचा आकडा 1965 मध्ये जपानमध्ये विक्रीला आलेल्या पावलं मोजणाऱ्या यंत्राबरोबर रुजला. पक्षाघाताच्या रुग्णांशी त्याचा संबंध नाही. पहिला आठवडा रुग्णाला नेहमीसारखं वावरू द्यावं, त्याची सरासरी काढावी आणि थेरपिस्टशी बोलून त्यात थोडी थोडी भर घालावी.

हे बोलणंच महत्त्वाचं. अमेरिकेतल्या डेलावेअर विद्यापीठाच्या पुढाकाराने झालेला एक अभ्यास 2024 मध्ये प्रसिद्ध झाला. पक्षाघाताला बरेच महिने उलटलेल्या रुग्णांपैकी ज्यांना फक्त वेगाने चालण्याचा सराव दिला, त्यांचा वेग सुधारला, पण रोजची पावलं फारशी वाढली नाहीत. ज्यांच्यासोबत थेरपिस्टने पावलांची नोंद पाहून उद्दिष्ट ठरवलं, अडचणींवर तोडगा काढला, त्यांची पावलं वाढली.

घरी यासाठी एक वही पुरते. पॅसेजमध्ये खडूने 10 मीटर आखावेत आणि आठवड्यातून एकदा वेळ टिपावी. 25 सेकंदांपेक्षा जास्त लागत असतील, तर वावर सहसा घरापुरताच राहतो. साडेबारा सेकंदांच्या आत आलं, तर बाहेर बाजारहाट करण्याइतकी चाल आली असं साधारण मानतात. पावलांशेजारी थकवा, गुडघेदुखी, अडखळणं आणि पडणं हेही लिहावं. चालताना सोबतच्याने लुळ्या बाजूला राहावं. छातीत दुखलं, चक्कर आली, तर आकडा कितीही अपुरा असो, तिथेच थांबून डॉक्टरांना कळवावं. पुढच्या भेटीला घड्याळासोबत ही वहीही थेरपिस्टसमोर ठेवावी, म्हणजे पुढच्या आठवड्याचं उद्दिष्ट तिच्यावरून ठरवता येईल.