पिंड आणि वळण

‘मुलाचे पाय पाळण्यात दिसतात’ अशी आपल्याकडे म्हण आहे. ‘जित्याची खोड मेल्याशिवाय जात नाही’ असेही वडीलधारी माणसे म्हणतात. मग बालपणी जो स्वभाव असतो, तोच जन्मभर कायम राहतो काय?

छत्रपती संभाजीनगरपासून जवळच देवगिरीचा किल्ला आहे. सोळाव्या शतकात तेथे जनार्दनस्वामी अधिकारपदावर होते. पैठणचा बालक एकनाथ त्यांच्यापाशी शिष्य म्हणून राहिला. परंपरेने एक कथा सांगितली जाते, ती अशी. एकदा जमाखर्चात एका पैची चूक आली. एकनाथ रात्रभर दिव्याच्या उजेडात हिशेब तपाशीत बसला. अखेर चूक सापडली, तेव्हा त्याने आनंदाने टाळी वाजविली. ते पाहून स्वामी म्हणाले, की हीच एकाग्रता ईश्वराच्या ठायी लावलीस, तर तुझे कल्याण होईल.

पुढे एकनाथ पैठणास परतले, गृहस्थाश्रमी झाले आणि संत म्हणून मान्यता पावले. ज्ञानेश्वरीच्या नकला होता होता तिच्यात अनेक अपपाठ शिरले होते. ते शोधून शके १५०६ मध्ये, म्हणजे इ. स. १५८४ च्या सुमारास, नाथांनी तिची शुद्ध प्रत सिद्ध केली. पैची चूक शोधणारा बालक आणि ओवीतील चूक शोधणारा संत यांचा पिंड एकच होता. पालटले होते ते त्याचे वळण.

आजचे मानसशास्त्रही काहीसे असेच सांगते. न्यूझीलंडमधील ड्युनेडिन शहरी १९७२-७३ साली जन्मलेल्या सुमारे एक हजार मुलांचे निरीक्षण संशोधकांनी वर्षानुवर्षे केले. तिसऱ्या वर्षी दिसलेल्या स्वभावाच्या काही खुणा सव्विसाव्या वर्षीही आढळून आल्या. तथापि, वय वाढते तशी बहुतेक माणसे अधिक संयमी व जबाबदार होतात, असेही इतर अभ्यासांत दिसून आले आहे.

म्हणून ‘तू हट्टीच राहणार’, ‘तू भित्राच राहणार’ असे बोलून कोणाही सोबत्याला हिणवू नये. हट्टाला चांगले कार्य लाभले, की त्याचाच निर्धार होतो. भित्र्या मुलाची सावधगिरीही एखादे दिवशी अनेकांच्या उपयोगी पडते. पिंड आपण निवडीत नाही. त्याला वळण लावणे मात्र पुष्कळ अंशी आपल्या हाती असते.