धोतराच्या चुण्या कुठं गेल्या?

प्रश्न : यंदा दिवेघाटात वारीचे फोटो काढले. ऊन छान पडलं होतं. चेहरे चांगले आलेत, पण टोप्या आणि धोतरं पांढरीफटक दिसतात, एक चुणी दिसत नाही. घरी कॉम्प्युटरवर उजेड कमी करून पाहिला, तर धोतर नुसतं राखाडी झालं. उलट सावलीत काळे पडलेले फोटो मात्र सहज उजळले. असं का व्हावं?

उत्तर : गडद भाग परत मिळतो आणि उजळ भाग मिळत नाही, हे तुमचं निरीक्षण अगदी बरोबर आहे. त्याचं कारण सेन्सरच्या घडणीत आहे.

सेन्सरवर कोट्यवधी सूक्ष्म घरं असतात. प्रकाश पडला की प्रत्येक घरात इलेक्ट्रॉन साठतात आणि शटर मिटल्यावर त्यांची मोजणी होते. पण प्रत्येक घराची साठवण ठरलेली आहे. पायली शिगोशीग भरल्यावर वर कितीही धान्य ओतलं तरी ते खाली सांडतं, आणि नंतर पायलीकडे पाहून किती सांडलं ते सांगता येत नाही. तसंच इथे होतं. धोतराचा उन्हातला भाग आणि चुणीतली फिकट सावली यांत फरक होता, पण दोन्हीकडची घरं भरून गेली आणि जेपेग फोटोत दोन्हींची नोंद 255 अशीच झाली. 0 ते 255 या मोजपट्टीतला तो शेवटचा आकडा. आता उजेड कमी केलात की सगळे 255 एकदम 220 होतात. फरक नोंदलाच गेला नव्हता, तेव्हा तो दिसणार कुठून?

सावलीत तसं होत नाही. तिथे इलेक्ट्रॉन थोडे जमतात, पण कमीजास्त जमतात, आणि तो फरक वाढवून दाखवता येतो. त्याची किंमत म्हणजे फोटोत उमटणारे दाणे. फार खेचलं तर चेहरा वाळूसारखा दिसू लागतो, तेव्हा अंधारही हवा तेवढा उजळता येतो असं नाही.

मग कॅमेऱ्यानं एवढा प्रकाश घेतलाच का? समोर धोतर आहे की डोंगर, याच्याशी त्याच्या मीटरला देणंघेणं नसतं. साधारण 18 टक्के प्रकाश परतवणारा मध्यम करडा रंग प्रमाण धरून तो सगळ्या चौकटीचा उजेड जुळवतो. तुमच्या चौकटीत सावळे चेहरे, घाटातला कातळ, हिरवी झाडी असा गडद ऐवज जास्त होता. त्याला सावरायला मीटरनं प्रकाश वाढवला आणि थोडं असलेलं पांढरं हद्दीबाहेर गेलं. ‘पांढरं असेल तर एक्स्पोजर वाढवा’ हा सल्ला तुम्ही ऐकला असेल. तो खरा आहे, पण चुन्यानं रंगवलेल्या भिंतीसारखं पांढरं जेव्हा सगळी चौकट व्यापतं तेव्हा. वारीच्या गर्दीत नेमकं उलट करावं लागतं.

तेव्हा एक्स्पोजर कॉम्पेन्सेशन उणे एकवर न्या, म्हणजे प्रकाश निम्मा होईल. फोनवर टोपीवर बोट टेकवा आणि शेजारी सूर्याचं चिन्ह आलं तर ते खाली ओढा. मात्र पडद्यावरच्या फोटोवर विसंबू नका. भर उन्हात चांगला फोटोही तिथे काळपट भासतो. त्यापेक्षा कॅमेऱ्यातली हायलाइटची सूचना चालू ठेवा. जो भाग भरून गेला तो लुकलुकतो. धोतर लुकलुकायचं थांबेपर्यंत प्रकाश कमी करा आणि तिथेच थांबा. कायमच उणे दोनवर ठेवणं मला पटत नाही, कारण निम्म्याच्या निम्म्या प्रकाशात चेहऱ्यांवर दाणे येणारच. आयएसओ वाढवून ती तूट भरत नाही. त्यानं सेन्सरवर जादा प्रकाश पडत नाही. जमलेलाच आकडा फुगतो आणि पांढरं आणखी लवकर संपतं.

रॉ फाइलचा उपयोग आहे. 14 बिटच्या रॉमध्ये 256 ऐवजी 16,384 पायऱ्या असतात, आणि जेपेगमध्ये पांढरं झालेलं थोडंफार परत मिळतं. लाल, हिरवा, निळा या तिन्हींची घरं भरली असतील, तर मात्र रॉमध्येही काही शिल्लक नसतं.

भगव्या पताकांकडे मी मुद्दाम लक्ष वेधतो, कारण तिथे अनुभवी माणसंही फसतात. भगव्यात लाल प्रकाश सर्वांत जास्त असतो, म्हणून लाल घरं आधी भरतात. उजेडाचा एकत्रित आलेख सगळं ठीक दाखवतो, आणि फोटोत पताका घडीविना, कागदाच्या तुकड्यासारखी सपाट दिसते. कॅमेऱ्यात तिन्ही रंगांचा वेगवेगळा हिस्टोग्रॅम असेल तर तो पाहावा. लाल रेघ उजव्या कडेला चिकटली की प्रकाश आणखी थोडा कमी करायचा.

सगळंच पांढरं वाचवायला हवं असं मात्र नाही. टाळांवर किंवा डोक्यावरच्या पितळी तुळशीवृंदावनावर सूर्याचा जो ठिपका चमकतो, त्यात बघण्यासारखा तपशील नसतोच. तो खुशाल लुकलुकू द्या. त्याच्यासाठी प्रकाश कमी केलात तर चेहरे काळवंडतील. टोपीच्या काठाची शिवण दिसते आहे ना, एवढं तपासा.