सूप, कणगी आणि जुना संगणक



गावोगाव आता संगणक आले. शाळेत आहे, ग्रामपंचायतीत आहे, कुणाच्या घरीही आहे. सात-बाराचा उतारा त्यातून निघतो. मुलांचा अभ्यास त्यावर होतो. पण दहा-बारा वर्षांचा झाला की तो रेंगाळतो. कोणी म्हणतो, "टाकून द्या." कोणी म्हणतो, "मेमरी वाढवा, ग्राफिक्स कार्ड घाला." दोघांचेही लगेच ऐकू नका. बैल अडला तर आधी जू काचते का, ते पाहावे. घामाचा पैसा आहे. समजून खर्च करावा.

मेमरी म्हणजे काय?

धान्य कणगीत असते. निवडायला ते सुपात घ्यावे लागते. सूप लहान असेल तर पुन्हा पुन्हा कणगीकडे जावे लागते. वेळ त्यातच जातो. संगणकाचेही असेच आहे. त्याची कणगी म्हणजे हार्ड डिस्क. त्याचे सूप म्हणजे मेमरी. तिलाच रॅम म्हणतात. वीज गेली की सूप रिकामे होते. कणगीतले मात्र राहते. म्हणून काम मधूनमधून साठवून ठेवावे.

मेमरी जीबीत मोजतात. साध्या कामाला ४ जीबी अपुरी पडते. ८ जीबी पुरते.

आधी तपासा

नेहमीचे काम चालू असताना कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप ही तीन बटणे एकदम दाबा. टास्क मॅनेजर उघडेल. त्यात परफॉर्मन्स आणि मग मेमरी पाहा. सूप काठोकाठ भरले असेल, तर मेमरी वाढवून फायदा आहे. निम्मे रिकामे असेल, तर दुखणे दुसरेच आहे. जुनी फिरती हार्ड डिस्क मंद असते. तिच्या जागी एसएसडी बसवली, तर पुष्कळ फरक पडतो.

विंडोज ३२ बिट आहे की ६४ बिट, तेही पाहा. घरगुती ३२ बिट विंडोज ४ जीबीपेक्षा जास्त मेमरी वापरू शकत नाही. सूप मोठे आणले, पण हात पोचत नाही, असे होते.

पट्टी कोणती घ्यावी?

मेमरीची पट्टी असते. डीडीआर ३ ही जात २००७ साली आली. डीडीआर ४ ही २०१४ साली आली. दोघींची लांबी सारखीच, पण खाच वेगळ्या जागी असते. एकीच्या जागी दुसरी बसत नाही. जोर लावाल तर मोडेल. म्हणून जुनी पट्टी दुकानात सोबत न्या. लॅपटॉपची पट्टी आखूड असते. काही लॅपटॉपमध्ये ती कायमची जोडलेली असते, बदलता येत नाही.

पट्टी कशी बसवावी?

१. संगणक बंद करा. विजेची वायर काढा. मग चालू करायचे बटण एकदा दाबा. आत उरलेली वीज निघून जाते.

२. थंडीत स्वेटर काढताना चटचट होते ना? ती अंगातली वीज. तिने पट्टी बिघडते. म्हणून आधी पेटीच्या उघड्या लोखंडाला हात लावा.

३. खोबणीच्या टोकाचे चिमटे उघडा. खाच जुळवा. दोन्ही टोके सारखी दाबा. टक् असा आवाज होऊन चिमटे मिटतात.

४. पडदा काळाच राहिला तर घाबरू नका. पुन्हा वायर काढा. पट्टी काढून नीट बसवा.

ग्राफिक्स कार्ड हवे का?

ग्राफिक्स कार्ड म्हणजे पडद्यावर चित्र काढणारा वेगळा गडी. अर्ज भरणे, हिशेब, पत्रे, साधी चित्रफीत पाहणे याला तो लागत नाही. ते काम संगणक स्वतःच करतो. त्यासाठी सुपातलीच थोडी जागा घेतो. मोठे खेळ, चित्रफितींची जोडणी, इमारतींचे भारी आराखडे करायचे असतील, तरच गडी ठेवावा.

गडी ठेवला की त्याला भाकर लागते. कार्डाच्या खोबणीतून जास्तीत जास्त ७५ वॅट वीज मिळते. मोठ्या कार्डाला वेगळी वायर लागते. जुन्या पेटीतला वीजपुरवठा तेवढा दमदार आहे का, कार्डाला जागा आहे का, हे आधी विचारा. कार्ड बसवल्यावर पडद्याची वायर कार्डालाच जोडा. जुन्या जागी ठेवली, तर कार्ड फुकट बसून राहते. लॅपटॉपमध्ये असे कार्ड बहुधा घालता येत नाही.

आणखी एक

विंडोज १० ची नेहमीची मोफत सुरक्षा-दुरुस्ती १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपली. पुष्कळ जुने संगणक विंडोज ११ च्या अटीत बसत नाहीत. मेमरी वाढवून ही अडचण सुटत नाही. अशा संगणकावर लिनक्स चालते. ते फुकट मिळते. पण पैसे घालण्याआधी हे माहीत असावे. बँकेचे व्यवहार दुरुस्ती न मिळणाऱ्या संगणकावर करू नयेत.

दुकानदाराकडून पावती घ्या. काढलेली पट्टी मागून घ्या. ती तुमची आहे. पावतीवर काय लिहिले ते स्वतः वाचा. आता तुम्हांला वाचता येते.

सांगा पाहू

१. वीज गेल्यावर काय रिकामे होते, सूप की कणगी?
२. पट्टी विकत घेताना जुनी पट्टी सोबत का न्यावी?
३. तुमच्या कामाला ग्राफिक्स कार्ड लागते का? का?