आधी लेथवर हात बसू द्या

दहावीचा निकाल लागला की पाथर्डीतल्या पालकांचा प्रश्न ठरलेला असतो: सीएनसीच्या जमान्यात पोराला टर्नर किंवा मशिनिस्टला घालून काय उपयोग? उपयोग आहे, आणि सुरुवात हाताने चालवायच्या लेथ-मिलिंगवरच व्हावी, असं माझं ठाम मत आहे.

समजा, ड्रॉइंगवर शाफ्टचं माप 24.979 ते 25.000 मिलिमीटर आहे. केसाच्या जाडीहूनही कमी मोकळीक. मायक्रोमीटर 25.06 दाखवतो. नवखा मुलगा डायल 0.06 ने पुढे घेतो आणि जॉब रिजेक्ट होतो, कारण बऱ्याच लेथवर डायल त्रिज्येचं माप दाखवते. व्यास दुप्पट उतरतो. घ्यायला हवे होते 0.03 ते 0.04. त्यातही स्क्रूमध्ये खेळ असतो, म्हणून डायल मागे नेली तर पुन्हा पुढे आणूनच माप धरायचं. शिवाय जॉब 40 अंशांनी तापला असेल तर तो 0.012 नं फुगलेला असतो; गार होऊ द्यायचा, मगच मोजायचा. हे फळ्यावर सांगून कळत नाही. दोन-चार जॉब वाया जातात तेव्हा हाताला कळतं.

सीएनसीवरही इन्सर्ट झिजला की माप सरकतं आणि ऑफसेट द्यावा लागतो. तो किती द्यायचा हे ज्याला उमगतं, तो ऑपरेटरचा सेटर होतो.

आयटीआयचे हे दोन्ही ट्रेड दोन वर्षांचे, प्रवेश ऑनलाइन. पाथर्डीत हवा तो ट्रेड मिळत नसेल तर नगरचा पर्यायही भरा. पुढे अप्रेंटिसशिप करता येते. नगरला व्हीआरडीई ही संरक्षण खात्याची वाहन संशोधन संस्था आहे, नागापूर आणि सुप्याची एमआयडीसी आहे. अजून शिकायचंच असेल तर डिप्लोमाच्या थेट दुसऱ्या वर्षाला प्रवेश मिळतो. हुशार मुलांनी छत्रपती संभाजीनगरच्या इंडो-जर्मन टूल रूमचा चार वर्षांचा टूल अँड डाय मेकिंग डिप्लोमा जरूर पाहावा, तोही दहावीनंतरच.

आई-वडील ऊसतोडीला जाणार असतील तर वसतिगृहाची सोय आधी लावा. कारखाना सुरू झाला म्हणून पोराची हजेरी बुडाली, तर मशीनवरचे ते महिने भरून निघत नाहीत.

प्रवेशाआधी एकदा वर्कशॉपमध्ये जाऊन या. किती लेथ खरोखर चालू आहेत, एका लेथमागे किती मुलं आहेत, हे विचारा. चकमध्ये चावी तशीच ठेवलेली दिसली, किंवा कुणी हातमोजे घालून फिरत्या जॉबजवळ उभा दिसला, तर तिथल्या निदेशकांशी त्याबद्दल बोला.