टोळीतील खाडे : कारणे आणि उपाय



हंगाम सुरू झाला की गट ऑफिसला रोज एक तक्रार हमखास येते. "साहेब, टोळी दहा कोयत्यांची म्हणून दिली, फडात सातच कोयते आहेत." तक्रार खरी असते. एक कोयता म्हणजे नवरा-बायकोची जोडी. ती दिवसाला दीड ते दोन टन ऊस तोडून मोळ्या बांधते. तीन कोयत्यांचा खाडा पडला की पाच-सहा टन कमी पडतात, गाडी भरत नाही आणि तुटलेला ऊस फडातच रात्र काढतो. ऊस 24 तासांच्या आत गव्हाणीत पडला पाहिजे. पुढे वजन घटते ते तुमचे, आणि साखरेचे विघटन होऊन उतारा घटतो तो सर्वांचा, कारण दर उताऱ्यावर ठरतो.

मग मजूर आळशी म्हणायचे का? आम्हाला तसे वाटत नाही. मध्यरात्रीपर्यंत गाडी भरायची आणि पहाटे चारला पुन्हा फडात उतरायचे, असे आठ दिवस चालले की नवव्या दिवशी अंग धरतेच. त्यात कोपीजवळ पिण्याचे पाणी नाही, पोर तापाने फणफणलेले. उचल फिटत आली किंवा दुसऱ्या मुकादमाने जादा उचल दाखवली तर कोयता रातोरात जातो, ही गोष्ट वेगळी. पण बरेचसे खाडे आजाराचेच.

यावर मुकादमाचा जुना इलाज म्हणजे दंड. तोडीचे पैसे तर बुडतातच, वर खाड्याचा दंड उचलीत चढतो. म्हणून माणूस अंगावर दुखणे काढतो आणि एका दिवसाच्या विश्रांतीऐवजी आठवडाभर पडतो. बाईचे हाल तर विचारूच नका. पाळीच्या दिवसांतही सुट्टी नाही. 2019 साली शासनाच्या समितीने बीड जिल्ह्यातील सुमारे 82 हजार ऊसतोड महिलांची पाहणी केली, तेव्हा 13 हजारांहून अधिक बायकांची गर्भाशये काढलेली आढळली. खाडा पडू नये हे त्यामागच्या कारणांपैकी एक होते. आपला ऊस वेळेवर जावा, पण या किमतीवर नव्हे.

सबब दंडाने खाडे कमी होत नाहीत, ते फक्त पुढे ढकलले जातात. आठवड्याची एक पाळीपाळीने सुट्टी आधीच ठरवली तर गाड्यांचा मेळ तसा लावता येतो. अचानक पडलेला खाडा जास्त महाग. दहाचे सात कोयते होणार हे चिटबॉयने आदल्या संध्याकाळी कळवले, तर तेवढाच ऊस तोडायला लावता येतो. तोडलेला पडून राहण्यापेक्षा उभा ऊस केव्हाही बरा.

सभासदांच्या हाती काय? तोडीआधी दोन आठवडे पाणी बंद करा. ओल्या रानात गाडी रुतते आणि टोळीची रात्र जाते. फडापर्यंत रस्ता करून ठेवा. विहिरीचे प्यायचे पाणी टोळीला मोकळेपणाने द्या, घागरीला नाही म्हणू नका. लेकराला ताप असेल तर मोटारसायकलवरून आरोग्य केंद्रात पोचवा, अर्ध्या तासाचे काम आहे. आणि टोळी कमी आहे म्हणून ऊस पेटवून द्यायला परवानगी देऊ नका. जळिताची कपात तुमच्याच बिलातून होते, वाढेही जातात.

टोळीत सलग दोन दिवस तीनपेक्षा जास्त कोयते कमी दिसले तर मुकादमाशी भांडत बसू नये. चिटबॉयकडे कोयत्यांची संख्या लिहून द्यावी आणि गट ऑफिसला त्याच दिवशी कळवावे.